दंतकाष्ठ व दांतवण : कांहीं वृक्षनामांचा विचार

(१)

जुन्या घरांतील रुमाल सोडतांना आपण संग्राहक मंडळी बहुधा तीन ढीग करतों. सनदा, महजर, पत्रें व हिशेब एकीकडे; नांव असलेल्या पोथ्या दुसरीकडे; आणि वैद्यकाचीं, मंत्रांचीं, पाककृतींचीं सुटीं पानें तिसरीकडे. पहिल्या ढिगाची नक्कल होते, दुसऱ्याची यादी होते, तिसरा ढीग पुन्हां कोणी सहसा उचलीत नाहीं. प्रस्तुत लेखकानेंही तरुणपणीं हेंच केलें. बुलढाणा जिल्ह्यांतील शाळांतून संस्कृत शिकवितांना सुटींत गांवोगांव पोथ्या पाहण्याचा नाद होता. परंतु “दांत हालत असल्यास” अशा शब्दांनीं आरंभ होणारें पान दिसलें कीं तें उलटून पुढें जाण्याइतकी माझी इतिहासाची कल्पना त्या वेळीं कोती होती. शिवकालीन एकादें पत्र मिळेल या आशेनें मीं किती पानें अशीं बाजूस सारलीं असतील याचा हिशेब आतां करतां येत नाहीं.

हा विषय आज पुढें मांडण्याचें कारण असें, कीं वनस्पतींच्या रसानें, काढ्यानें किंवा अर्कानें दांतांची कीड टळते हें विधान हल्लीं चोहोंकडे ऐकूं येतें व त्यास आधार म्हणून चरक, सुश्रुत, वाग्भट यांचीं नांवें घेतलीं जातात. आधार घेण्यास हरकत नाहीं. पण ग्रंथांत जें झाड सांगितलें तेंच झाड आपल्या हातांत आहे काय, हा प्रश्न त्याच्या आधींचा आहे; आणि तो वैद्याच्या इतकाच पोथी वाचणाराचा आहे. बुलढाणा जिल्हा अशा विचारास सोयीचा आहे. दक्षिणेस मेहकर, लोणार व सिंदखेड राजा यांचा घाटावरचा प्रदेश, मध्यें पूर्णेच्या खोऱ्यांतील काळी जमीन, आणि उत्तरेस जळगांव जामोद व संग्रामपूर या तालुक्यांत सातपुड्याचें रान. ग्रंथांतील झाडें आणि लोकांच्या तोंडांतील त्यांचीं नांवें येथें थोड्या कोसांत ताडून पाहतां येतात.

(२)

प्रथम शब्दाचा विचार करूं. दांत घासण्याच्या काडीस संस्कृतांत दंतकाष्ठ, आणि त्या क्रियेस दंतधावन, हे शब्द सर्वांस परिचित आहेत. चरक व वाग्भट यांनीं दंतपवन असाही शब्द योजिला आहे. पवन म्हणजे पावन करणारें, शुद्धि करणारें. पालींत याचें दंतपोण झालें, आणि अर्धमागधींत दंतवण. दशवैकालिक या जैन आगमांत साधूनें टाळावयाच्या गोष्टींची जी यादी आहे तींत अंजनाशेजारीं दंतवणाचीही गणना आहे. बौद्धांचा कल याच्या उलट होता. चुल्लवग्गांत भिक्षूंना दंतकाष्ठाची अनुज्ञा असून त्याची लांबी जास्तींत जास्त आठ अंगुळें व कमींत कमी चार अंगुळें असावी असा नियम आहे. चारांहून आंखूड काडी घशांत जाण्याचें भय होतें.

हाच प्राकृत दंतवण शब्द मराठींत दांतवण होऊन आला. हिंदींतील दातुन त्याच कुळांतला. पण येतांना मराठींत अर्थ पालटला. मराठी बाईच्या तोंडीं दांतवण म्हणजे काडी नव्हे, तर दांत काळे करण्याची पूड : हिराकस, हिरडा, मायफळ अशा द्रव्यांची. माझ्या लहानपणीं काळ्या दांतांच्या म्हाताऱ्या बायका खेड्यांतून दिसत, आणि पांढरे दांत उघडे टाकणें त्यांस कसेंसेंच वाटे. हिराकस म्हणजे लोहाचा एक क्षार, आणि हिरडा व मायफळ हीं तुरट. लोह आणि तुरट रस एकत्र आले म्हणजे काळा रंग होतो. आपल्या जुन्या शाईंतही हीच युक्ति आहे. ज्या द्रव्यांनीं कारकुनाचा बोरू चाले त्याच जातीच्या द्रव्यांनीं घरधनिणीचे दांत रंगत, ही गोष्ट पोथ्या हाताळणारांस रुचेल असें वाटतें. सांगण्याचा मुद्दा इतकाच, कीं जुन्या मराठी पानांत “दांतवण” हा शब्द आला म्हणजे काडी, पूड आणि काळा रंग यांपैकीं काय अभिप्रेत आहे तें संदर्भावरून ठरवावें लागतें. कोश उघडून एकच अर्थ लावणें धोक्याचें आहे.

(३)

आतां वैद्यकग्रंथ. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील पांचव्या अध्यायांत दोन वेळां दंतपवन करावें, त्याचें टोंक चावून मऊ करावें, रस तुरट, तिखट वा कडू असावा आणि हिरड्यांस इजा होऊं देऊं नये असें सांगितलें आहे. वाग्भट सकाळीं आणि जेवणानंतर अशा दोन वेळा सांगतो. सुश्रुत काडीचें माप देतो : बारा अंगुळें लांब, करंगळीएवढी जाड, सरळ, गांठी नसलेली, किडीनें पोखरलेली नसलेली. मग प्रत्येक रसांत श्रेष्ठ कोण तें तो सांगतो. कडूंत निंब, तुरटांत खैर, तिखटांत करंज, आणि गोडांत मधूक. याशिवाय मध, त्रिकटु, तेल, सैंधव व तेजोवतीची पूड यांनीं दांत रोज साफ करावे असेंही त्याचें म्हणणें आहे. अजीर्ण, वांति, श्वास, खोकला, ज्वर, तोंड येणें, अर्दित असे विकार असतां काडी वापरूं नये हा निषेधही ग्रंथांत आहे, आणि हल्लीं ग्रंथाचा आधार घेणारे लोक नेमका हा भाग सोडून देतात.

या सर्वांत रस पिळून किंवा अर्क काढून बाटलींत ठेवण्याची गोष्ट नाहीं. ओली काडी, तिचे तंतू आणि चावतांना सुटणारा रस हीं तिन्हीं एकाच वेळीं काम करतात. केवळ अर्काचें फळ पाहून काडीविषयीं, किंवा काडीचें पाहून अर्काविषयीं, निकाल देणें यामुळें न्याय्य होणार नाहीं.

चरकाच्या यादींत करंज, करवीर, अर्क, मालती, ककुभ व असन हीं नांवें आहेत, व शेवटीं “अशा जातीचीं इतर झाडें” अशी मोकळीक आहे. वाग्भटाच्या यादींत अर्क, वड, खैर, करंज व ककुभ आहेत. दोन्ही याद्या शेजारीं ठेवल्या तर करवीर, म्हणजे कण्हेर, वाग्भटाकडे नाहीं हें ध्यानांत येतें. कण्हेरीचें प्रत्येक अंग विषारी असून तिचें विष हृदयावर चालतें. वाग्भटानें तें नांव मुद्दाम वगळलें, कीं श्लोकांत बसेना म्हणून सोडलें, हा तर्काचा विषय आहे. परंतु ज्याला जुनी यादी पुन्हां प्रचारांत आणावयाची आहे त्यानें वाग्भटाच्या बाजूनें राहावें, हें सांगण्यास तर्काची गरज नाहीं. रुईच्या चिकाचीही गोष्ट जवळजवळ तशीच आहे. तो तोंडांत लागला तर आग होते, डोळ्यांत गेला तर फार वाईट. पोथींत आहे म्हणून तोंडांत घालावें हा न्याय आपल्या जुन्या वैद्यांनाही मान्य झाला नसता.

उलट बाजूही पाहिली पाहिजे. पूर्णेकांठच्या काळ्या जमिनींत शेतकऱ्याच्या तोंडांत पिढ्यान्‌पिढ्या जी काडी होती ती बहुतेक बाभळीची किंवा निंबाची. निंब सुश्रुतांत आहे. बाभळीचें नांव वर सांगितलेल्या तिन्ही याद्यांत नाहीं. बाभळीची साल व शेंग तुरट आहे, म्हणून “अशा जातीचीं इतर झाडें” या शब्दांत ती बसते. लोकांनीं यादी वाचून नव्हे, चव पाहून झाड निवडलें, आणि चवीचा नियम ग्रंथाशीं जुळला.

(४)

दंतकाष्ठाचा दुसरा संसार धर्मशास्त्रांत आहे. तेथें तें आन्हिकाचें अंग. निर्णयसिंधु (इ. स. १६१२) व धर्मसिंधु (इ. स. १७९०–९१) हे आपल्याकडील घरोघरींचे ग्रंथ. दंतकाष्ठ कोणत्या दिवशीं वर्ज्य तें या शाखेच्या ग्रंथांत येतें : प्रतिपदा, षष्ठी, नवमी, अमावास्या, उपवासाचे व श्राद्धाचे दिवस. त्या दिवशीं किंवा काडी न मिळाल्यास बारा चुळा भराव्या. अमावास्येस वनस्पति तोडूं नये असा स्वतंत्र निषेधही आहे, त्याचा या नियमाशीं संबंध उघड दिसतो. वराहमिहिरानें तर बृहत्संहितेंत दंतकाष्ठलक्षणाचा निराळा अध्यायच घातला आहे. कोणत्या झाडाच्या काडीचें काय फळ, आणि वापरून टाकलेली काडी कशी पडली असतां शुभ, हेंही त्यांत आहे. एकच काडी वैद्याला औषध, याज्ञिकाला शुद्धि आणि ज्योतिष्याला शकुन.

या दोन संसारांची गांठ ज्या एका पुरुषाच्या ठायीं पडते तो आपल्याच प्रांतावर राज्य करणाऱ्या घराण्याचा मंत्री होता. देवगिरीच्या महादेव व रामचंद्र यादवांचा श्रीकरणाधिप हेमाद्रि. मेहकर व लोणार हा मुलूख त्या राज्यांत होता, आणि लोणारचें दैत्यसूदनाचें देऊळ व मेहकरची जुनी धर्मशाळा यांस लोक आजही हेमाडपंती म्हणतात. अर्थात् त्या नांवाची प्रत्येक इमारत त्यानेंच बांधली असें कोणी जाणता मानीत नाहीं. पण हेमाद्रीचें खरें बांधकाम ग्रंथांचें. चतुर्वर्गचिंतामणींत त्यानें व्रत, दान, श्राद्ध, काल यांचा प्रचंड संग्रह केला, आणि त्याच हातानें अष्टांगहृदयावर आयुर्वेदरसायन ही टीका लिहिली. अरुणदत्ताच्या सर्वांगसुंदरेबरोबर ती निर्णयसागरानें १९३९ सालीं छापली. सूत्रस्थानाचा दुसरा अध्याय म्हणजे दिनचर्या. त्याच्या आरंभींच दंतपवन येतें. तिथीचा निषेध आणि हिरडीची काळजी हे दोन्ही विषय ज्याच्या लेखणीखालून गेले असा हा गृहस्थ. त्याच्या आश्रयास असलेला बोपदेवही असाच दोन्हींकडचा : व्याकरणांत मुग्धबोधाचा कर्ता, आणि वडील केशववैद्य यांच्या सिद्धमंत्रावर टीका लिहिणारा. व्याकरण आणि वैद्यक एका घरांत नांदत असत. आपणच पुढें दप्तराचे तीन ढीग केले.

लोणारचें नांव निघालें म्हणून एक गोष्ट येथेंच उरकतों. अबुल फझलानें ऐन-इ-अकबरींत वऱ्हाडच्या सुभ्याचें वर्णन करतांना लोणारच्या डोंगरांत कांच व साबण यांस लागणारे पदार्थ होतात असें नमूद केलें आहे. तळ्यांतून निघणाऱ्या खारास डल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी अशीं नांवें होतीं. हा खार मुख्यतः सोड्याचा, मोठा दाहक. सुश्रुताच्या दंतचूर्णांतील लवण सैंधव आहे, म्हणजे खाणींतलें मीठ. गांवाच्या अभिमानापायीं लोणारचा खार त्या जागीं बसविण्याचा मोह कोणास झाल्यास त्यानें तो आवरावा, हिरड्या आपल्याच आहेत.

(५)

आतां मुख्य विषयाकडे वळतों. नांवांपैकीं ककुभ हें सर्वांत सोपें. ककुभ म्हणजे अर्जुन. देशावर या झाडास अर्जुनसादडा म्हणतात, विदर्भांत कहू. प्राकृतांत ककुभाचें कउह होतें, आणि कउहाचा कहू होण्यास फार दूर जावें लागत नाहीं. देशावरच्या सुशिक्षित माणसाला कोश पाहून जें कळतें तें नदीकांठच्या गुराख्यानें दोन हजार वर्षें जिभेवर सांभाळलें.

असन तितका सरळ नाहीं. संस्कृत असन म्हणजे बहुतेक टीकाकारांच्या मतें बिबळा, ज्याच्या खोडांतून तांबडा डिंक गळतो. पण मराठींत असाणा म्हणून जें झाड ओळखतात तें काटेरी खोडाचें निराळेंच. आणि हिंदी प्रदेशांत असन किंवा आसन म्हटलें कीं ऐनाचें झाड दाखवितात. तिन्ही झाडें तुरट, तिन्हींची साल औषधी. म्हणून चुकल्याचें चावणाराला कळतही नाहीं. सातपुड्याच्या पायथ्याशीं मराठी आणि हिंदी या दोन्ही भाषा एकाच बाजारांत बोलल्या जातात. तेथें “असनाची काडी” मागितली तर मागणारा कोठला आणि देणारा कोठला यावर झाड ठरेल.

करंजाचाही असाच घोळ. रस्त्याच्या कडेचा करंज, ज्याच्या बियांचें तेल काढतात, तो नक्तमाल. आणि सागरगोटा, तो पूतिकरंज. सागरगोट्याच्या कांटेरी वेलीची बारा अंगुळें सरळ काडी काढणें कठीण, तेव्हां येथें पहिलाच घ्यावा.

सर्वांत रंजक प्रकरण मधूकाचें आहे. सुश्रुताच्या श्लोकांत गोड रसांत श्रेष्ठ म्हणून जें नांव आहे त्यांतील धू दीर्घ आहे. दीर्घ ऊकाराचा मधूक म्हणजे मोह, ज्याचीं फुलें वेंचतात. ऱ्हस्व उकाराचें मधुक म्हणजे ज्येष्ठमध. अमरकोशांत दोन्ही निरनिराळीं आहेत. एका मात्रेनें झाडाचें मूळ होतें, सातपुड्यांतली डहाळी जाऊन पंसाऱ्याच्या दुकानांतली कांडी येते. आपल्या लेखकांचें ऱ्हस्वदीर्घाविषयींचें औदार्य सर्वांस ठाऊक आहे. शाळेंत मी मुलांचे यासाठीं गुण कापीत असें, आणि पालक म्हणत, मास्तर, एवढ्याशा वेलांटीनें काय बिघडतें?

वृत्तावरून निर्णय करावा असें प्रथम मनांत येतें. परंतु तो मार्ग येथें बंद आहे. अनुष्टुभाच्या पादांत पांचवें अक्षर लघु व सहावें गुरु हवें. वादाचें अक्षर दुसरें आहे, आणि तिसरें गुरु असल्यामुळें दुसरें लघु घ्या कीं गुरु घ्या, वृत्त भंगत नाहीं. लेखकानें धु ऱ्हस्व लिहिला तर म्हणणाराच्या कानाला खटकणार नाहीं. निर्णय करतें तें लिंग. झाडाचें नांव पुल्लिंगी, मुळाचें नपुंसकलिंगी. आणि श्लोकांतील रूप पुल्लिंगी आहे, त्याचें विशेषणही पुल्लिंगी. म्हणून सुश्रुताला मोहच अभिप्रेत आहे, असें माझें मत आहे. काडीचें माप, तिची सरळता व गांठ नसणें हीं लक्षणेंही डहाळीचीं आहेत.

परंतु ही खूण संस्कृत श्लोक अखंड असेपर्यंतच टिकते. मराठी बाडांत श्लोकाचा सारांश उतरला म्हणजे विभक्ति गळते, विभक्तीबरोबर लिंग जातें, आणि “निंब, खैर, करंज, मधुक” एवढीच ओळ उरते. तेथें उकाराशिवाय दुसरा साक्षीदार नाहीं, आणि तो उकार कोणी कसाही काढला असेल. म्हणून अशा पानाची नक्कल करणारानें “शुद्ध” करण्याची हौस दाबून ठेवावी व जसें आहे तसें लिहावें.

गंमत अशी, कीं चुकीचा पाठ घेतला तरी तोंड अगदींच रिकामें राहत नाहीं. लॉस एंजेलिस येथील संशोधकांनीं २००६ सालीं चिनी ज्येष्ठमधाच्या मुळांतून कांहीं द्रव्यें वेगळीं काढलीं व दांत किडविणाऱ्या जंतूवर त्यांचा परिणाम होतो असें दाखविलें. पुढें तो अर्क घातलेल्या, साखर नसलेल्या, काडीवरच्या गोळ्या लहान मुलांस देऊन पाहिल्या. पण लक्षांत ठेवावें, कीं चिनी ज्येष्ठमध आणि आपल्या वैद्यांचें ज्येष्ठमध या एका कुळांतल्या दोन जाती आहेत. येथेंही नांव एक, वनस्पति दोन.

परदेशी प्रवाशाला हाच अनुभव तेराशें वर्षांपूर्वीं आला होता. इ. स. ६७१ सालीं चीनहून निघालेला इत्सिंग आपल्या वृत्तांतांत दंतकाष्ठावर एक प्रकरण खर्ची घालतो. बारा अंगुळें लांब, कमींत कमी आठ, असें माप देऊन तो आपल्या देशबांधवांस बजावतो कीं दंतकाष्ठास वाळुंजाची फांदी म्हणणें चूक आहे, तें झाड हिंदुस्थानांत क्वचित् आढळतें. भाषांतर करणारानें आपल्या अंगणांतलें झाड ग्रंथांत लावलें, आणि चीनमध्यें तेंच रूढ झालें.

(६)

दांतांच्या किडीविषयीं ग्रंथकारांची समजूत काय होती? सुश्रुत मुखरोग पासष्ट मोजतो. त्यांत दांतांचे आठ, आणि त्या आठांत कृमिदंतक. काळें पडलेलें भोंक, हालणें, स्राव, ठणका, आणि कारण नसतां उठणारी कळ, हीं त्याचीं लक्षणें कोणाही दंतवैद्यास आज ओळखूं येतील. उपाय म्हणून शेक, स्निग्ध गुळण्या. वाग्भट पोकळींत गूळ किंवा मेण भरून डागण्यास, तसेंच सातविणीचा व रुईचा चीक भरण्यास सांगतो. चक्रदत्तादि संग्रहांत डोरली, एरंड, रिंगणी इत्यादिकांचा काढा तेल घालून तोंडांत धरण्यास सांगितला आहे. रिंगणीचें नांव वाचून वऱ्हाडांतील वृद्धांस निराळेंच दृश्य आठवेल : रिंगणीच्या बियांची धुरी तोंडांत घेणें, आणि मग पाण्यांत पडलेले “किडे” दाखविणें. युरोपांतही खुरासानी ओव्याच्या बियांनीं हाच प्रयोग करीत. तापलेल्या बींतून बाहेर येणारा कोंभ किड्यासारखा दिसे. पॅरिसचा फोशार यानें १७२८ सालीं आपल्या ग्रंथांत दांतांतील किड्याची कल्पना सोडून दिली. आपल्याकडे ती खेड्यांतून विसाव्या शतकांतही होती.

खरी गोष्ट १८९० सालीं बर्लिनमध्यें मिलर यानें मांडली. तोंडांतील सूक्ष्म जंतु गोड व पिठूळ अन्न आंबवितात, त्या आंबटानें दांताचें कवच विरघळतें. पुढें १९२४ सालीं लंडनच्या क्लार्कनें त्यांतील एका प्रमुख जंतूस वेगळें केलें. कृमि आहे, पण डोळ्यांस दिसणारा नाहीं, आणि तो पोखरीत नाहीं. संस्कृतांत दांतांवरच्या खड्यास दंतशर्करा म्हणतात. खाण्याची ती शर्कराच या रोगाची मूळ दाई ठरावी हा शब्दांचा योगायोग.

या दृष्टीनें पाहतां जुन्या यादींत कांहीं सार दिसतें. खैर, अर्जुन, बाभूळ यांतील तुरट द्रव्यें जंतूंस दांतावर चिकटूं देण्यास अडथळा करतात; निंबाच्या काढ्याचा असाच गुण प्रयोगशाळेंत आढळला आहे. पण कांचेच्या थाळींतील निकाल आणि तोंडांतील निकाल यांत अंतर असतें. थाळींत जंतु चोवीस तास अर्कांत बुडून राहतो; तोंडांत लाळ तो अर्क कांहीं मिनिटांत धुवून नेते. काडीचा निर्विवाद गुण म्हणजे घासणें. जेथें काडीची चाल आहे तेथें ती चालूं द्यावी असें जागतिक आरोग्य संघटनेनें गेल्या शतकाच्या नवव्या दशकांत म्हटलें. तिच्या जोडीला इतकें सांगितलें पाहिजे, कीं कीड टाळण्याविषयीं ज्याचा पुरावा सर्वांत भक्कम आहे तें द्रव्य फ्लोराइड होय. तें या झाडांच्या यादींतून मिळत नाहीं. नातवाचे दांत किडत असतां त्याच्या आईच्या हातांतील पेस्ट काढून घेऊन खैराची काडी देणारा आजोबा शास्त्राचा अभिमानी असेल, वैद्य नव्हे.

(७)

दांतवणाचा शेवट मात्र खेदाचा झाला. काळ्या पुडीच्या जागीं भाजलेल्या तंबाखूची मिशरी आली. दोहोंचा रंग सारखा, लावण्याची रीत सारखी, वेळही सारखीच. म्हणून बदल कोणाच्या लक्षांत आला नाहीं. मला ठाऊक असलेल्या कित्येक घरांत सासूचें दांतवण व सुनेची मिशरी एकाच कोनाड्यांत राहत. दंतमंजनांत तंबाखू घालण्यास केंद्र सरकारनें १९९२ सालीं बंदी केली, पण घरच्या तव्यावर भाजलेल्या मिशरीला कोणता कायदा पोंचणार?

औषध कीं आचार, हा जुना वादही आमच्या काळांत नव्या वेषांत उभा राहिला. कोरांटी ही आपल्या कुंपणाची पिवळ्या फुलांची कांटेरी झुडूप; अमरकोशांत ती सैरेयक व झिंटी. वज्रदंती या नांवानें तिचें दंतमंजन महाराष्ट्रांतील विको या कंपनीनें प्रसिद्ध केलें. तें औषध मानून कर घ्यावयाचा कीं प्रसाधन मानून, यावर अबकारी खात्याशीं वर्षानुवर्षें तंटा चालला व अखेर २००४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तें औषधाच्या बाजूस घातलें. कमलाकरभट्टांनीं हा निकाल कुतूहलानें वाचला असता.

(८)

आतां विनंती. मोह, बिबळा, ऐन, असाणा हीं चारही झाडें ज्या रानांत ओळखतां येतील तें रान जळगांव जामोद व संग्रामपूर तालुक्यांच्या उत्तरेस आहे. तेथें कोरकूंबरोबर निहाल लोक राहतात. त्यांची निहाली भाषा जगांतील कोणत्याही ज्ञात भाषाकुळांत निश्चितपणें बसत नाहीं, बोलणारे दोन अडीच हजार, लिपि नाहीं. कुइपर यांनीं १९६२ सालीं तिचा तौलनिक अभ्यास प्रसिद्ध केला, आणि के. एस. नागराज यांचें पुस्तक २०१४ सालीं म्हैसूरहून निघालें. तथापि भाषाशास्त्रज्ञ शब्द टिपतो तो भाषेसाठीं; कोणत्या झाडाची काडी तोंडांत घालतात, कोणत्या झाडाची घालीत नाहींत, आणि त्या झाडास चार भाषांत काय म्हणतात, हें टिपण्याचें काम आपलें आहे. घरांतलीं म्हातारीं माणसें गेलीं आणि मुलें मराठी शाळेंत रमलीं, म्हणजे तें विचारण्यास कोणी उरणार नाहीं.

म्हणून ज्या सभासदांच्या संग्रहांत दंतरोगाचीं, दांतवणाचीं किंवा मंजनाचीं पानें असतील त्यांनीं त्यांची अक्षरशः नक्कल करावी. ऱ्हस्वदीर्घ, अनुस्वार, खाडाखोड यांसह. पान कोणत्या गांवीं सांपडलें तें लिहावें. आणि शक्य असेल तर त्याच गांवांतील जाणत्या माणसास तें वाचून दाखवून, त्यानें बोट दाखविलेल्या झाडाचें पान व फूल कागदांत दाबून नकलेसोबत ठेवावें. मधुक असें ऱ्हस्व लिहिलेलें पान मिळाल्यास मला अवश्य कळवावें.